मधला जोड

गुरुवार, १२ ऑक्टोबर
दुपारी, गॅरेजमधून

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. घर तीन स्टॉपवर, दोघांच्या खिशात फोन, आणि मामा पत्र लिहितोय. हस. गेल्या आठवड्यात तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा टायरमधल्या हवेबद्दल बोलून ठेवून दिला. समोरासमोर तर माझी दातखीळच बसते. म्हणून आज कंप्रेसर बंद करून, जॉबकार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलोय. मध्ये मध्ये डाग आहेत ते ग्रीसचे, सांभाळून वाच.

इकडे ठीक आहे. मामीचा गुडघा तसाच आहे, फक्त डॉक्टरवरचा राग वाढलाय. गॅरेजमधली मांजर एका गिऱ्हाइकाच्या व्हॅनमध्ये व्यायली, तेव्हा त्या व्हॅनचं काम बंद आहे. व्हॅनवाल्याला मी सांगितलं, पार्ट यायचाय. खोटं बोलायला मला फारसे कष्ट पडत नाहीत, हे तुला पुढे कळेलच.

आता गाडीविषयी. मला तुझी ती लाल गाडी बघवत नाही. तुझी पहिली गाडी, तू दोन उन्हाळे पोरांना पोहायला शिकवून घेतलेली, आणि मामा असं म्हणतोय, म्हणून वाईट वाटेल. वाटू दे. दोनशे दहा घोडे, बाई. शिकवणीच्या गाडीला साठ होते आणि शेजारी मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. तुझ्या लायसन्सवरची शाई अजून वाळायची आहे. मागे धुराची चार नळकांडी, त्यातली दोन नुसती दाखवायला. आत बोट घातलं तर पुढे पत्राच लागतो. टायरना बुटाचं फासावं तसं काळं पॉलिश. आरशाला टांगलेल्या त्या वासाच्या बाटलीने तर पहिल्या दिवशीच मला ढवळून आलं. कुठल्याही गाडीत इतका सुगंध घातलेला असला की समजावं, आत काहीतरी कुजलंय. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी तुला आधी ती छोटी पांढरी दाखवली होती, एका शाळेच्या बाईंची. तू म्हणालीस, "मामा, ही गाडी नाही, फ्रीज आहे."

मी हसलो, पण तुझं चुकलं नव्हतं. शिकाऊ पाटी लावलेल्या पोरीला रस्त्यावर लोक कसे दाबतात ते मी तुझ्या शेजारी बसून पाहिलंय. त्या टेम्पोवाल्याने काच खाली करून तुला जे म्हटलं, ते मी तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तू एवढंच म्हणालीस, "मला पुढे निघून जाता आलं पाहिजे." तुला ताकद मिरवायला नको होती, सुटायला हवी होती. घरात हे फक्त मला कळलं होतं. तुझ्या बाबांना वाटतं, पोरगी फिल्मी झाली. तेव्हा मोठी गाडी घेतलीस म्हणून मी चिडलोय असं समजू नकोस. मघाशी वर जे खरडलंय ते निम्मं उगाच खरडलंय. मूळ गोष्टीला हात घालायचा धीर होत नव्हता म्हणून टायरच्या पॉलिशला शिव्या दिल्या.

त्या शोरूमवाल्याबद्दल लिहितो, म्हणजे मूळ गोष्ट जवळ येईल. आम्ही गॅरेजवाले त्याला पॉलिशवाला म्हणतो. जुन्या गाड्या घेतो, चमकवतो, विकतो. त्याचा हात हातात घेतला की आपला हात पुसावासा वाटतो. गेली सहा वर्षं माझ्याकडे येणाऱ्या कामातलं निम्म्याहून जास्त काम तोच पाठवतो. हे तुला माहीत नव्हतं. त्या दिवशी आत शिरताना मी त्याला ओळखही दाखवली नाही आणि त्यानेही मला दाखवली नाही. दोन भामटे कसे एकमेकांना न बघता सरळ पुढे जातात, तसे आम्ही गेलो.

आणि तू मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलंस, "हा माझा मामा. आमच्याकडे मामाने हात फिरवल्याशिवाय गाडी येत नाही. त्याचा हात खोटं बोलत नाही."

आपल्या घरची ही रीतच पडून गेली आहे. तुझ्या बाबांची पहिली गाडी, मग दुसरी, धाकट्या मावशीची, सगळ्यांवर मी असाच डोळे मिटून हात फिरवला. ठोकलेला पत्रा, पुट्टी भरलेला पत्रा, बोटांना कळतो. मी हसलो की गाडी पास, तोंड वाकडं केलं की नापास. तू लहान असताना सायकलवरसुद्धा हात फिरवायला लावला होतास.

तर मी डोळे मिटले. बॉनेट ठीक, पुढची दारं ठीक. मग ड्रायव्हरचं दार उघडून खालच्या चौकटीवर बोटं ठेवली, आणि तिथे चार बोटं जागा अशी लागली की जरा जास्तच गुळगुळीत. कारखान्यातला पत्रा इतका गुळगुळीत नसतो. इतकं घासायला माणूस लागतो, आणि तो माणूस काम संपवताना नेहमी डावीकडे हात ओढतो. मी हसलो.

पोरी, मी ती गाडी ओळखली म्हणून हसलो. माझंच काम होतं ते. जोड कुठे आहे हे दुसऱ्या कुणाच्या बापाला कळलं नसतं, इतका बेमालूम. कारागिराला स्वतःच्या कामाचं कौतुक वाटतं तसं वाटलं आणि तोंडावर हसू आलं. हसू आधी आलं, अक्कल नंतर आली. तोवर तू टाळी वाजवून म्हणालीस, "झालं, मामा हसला."

जोड म्हणजे काय ते स्पष्ट लिहितो. तुझी गाडी एक नाही, दोन आहेत. एकीला ट्रकने मागून चेपलं होतं, दुसरीचं तोंड खांबावर फुटलं होतं. दीड वर्षापूर्वी पॉलिशवाल्याने दोन्ही माझ्याकडे आणून टाकल्या. एकीचं तोंड आणि दुसरीची पाठ, पुढच्या सीटखालून कापून मी एकत्र केली. तेव्हा ती नुसत्या प्रायमरमध्ये करडी होती, लाल रंग नंतर दुसरीकडे दिला, म्हणून लांबून ओळखू आली नाही. तो मला म्हणाला होता, "उस्ताद, कुठे पळवायची नाही. एका कॉलेजला वर्कशॉपमध्ये उभी करायची आहे, पोरांना शिकायला." मी मान डोलावली. उभ्या राहणाऱ्या गाडीला कोणी नवीन टायर मागवत नाही, आणि त्याने माझ्यादेखत मागवले होते. मी मूग गिळून बसलो, कारण पुढच्या महिन्याचं काम त्याच्याकडून यायचं होतं.

छोट्या, मऊ गाडीत असा जोड कदाचित काही वर्षं निघाला असता. तुझीत इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि मध्ये माझा जोड. तू पाय दाबलास की दोनशे दहा घोडे त्या जोडालाच पिळतात.

हे सगळं मला त्या शोरूममध्ये, तुझ्या टाळीनंतर दोन सेकंदांत कळलं होतं. पॉलिशवाला जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तुझ्यासमोर विचारलं, "काय मामा, पास?" आणि डोळा मारला.

मी म्हणालो, "पास."

एवढंच. हसण्याला चूक म्हणता येईल, या शब्दाला येत नाही. कुंपणानेच शेत खाल्लं. आठवडा उलटून गेला, जेवायला बसलो की तो घामट हात खांद्यावर येतो आणि घास फिरतो. मामी म्हणते पित्त झालंय. मला माझ्या तोंडाची शिसारी आली आहे.

मधल्या काळात शहाणपणाने काही केलं असेल तर ऐक. सोमवारी तुझी गाडी सुरू झाली नाही ना, ती मी बंद पाडली होती. तेल बघतो म्हणून आलो आणि बॅटरीची तार सैल करून गेलो. वाटलं, दोन-चारदा असं झालं की पोरगी कंटाळून परत करेल. तर पॉलिशवाल्याचा माणूस आला, दोन मिनिटांत तार आवळून गेला, आणि तुझे बाबा म्हणाले, मामापेक्षा हाच बरा. बरोबरच म्हणाले. खरं बोलायच्या ऐवजी मी स्वतःच्या भाचीच्या गाडीत चोरासारखी तार सैल करत होतो.

काल ताईचा, तुझ्या आईचा, फोन आला. रविवारी तू तिला घाटापलीकडे तिच्या मैत्रिणीकडे घेऊन जाणार आहेस. किती खुशीत होती. "पोरगी मला पुढे बसवून नेणार," म्हणाली. मी म्हणालो, "जा की, हवा छान आहे."

असं म्हणालो, भिंगरे. फोन ठेवला आणि किती वेळ नळाखाली हात धूत बसलो.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर
सकाळी साडेदहा, तुमच्या पार्किंगमधून

काल पत्र पुरं झालं नाही. पोस्टात टाकलं तर सोमवारी मिळेल, आणि मनात कुठेतरी मला तेच हवं होतं, हे रात्री अंथरुणावर कळलं. म्हणून स्वतः आलो. तू कॉलेजला, बाकी दोघं कामावर. दुसरी किल्ली तू सोमवारी विश्वासाने माझ्याकडे ठेवलीस, तीच वापरली.

तुझ्या गाडीचं दार उघडून खालचा रंग मी सोलला आहे, दोन्ही बाजूंनी. चोराने किंवा पोरांनी केलं असं समजू नका. आतला गालिचा पण उचलून ठेवलाय, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. बोटभर जाड पुट्टी निघाली आणि खाली माझं वेल्डिंग. सरळ, एकसारखं. ते बघून क्षणभर मला पुन्हा बरं वाटलं. मग कोपऱ्यातल्या गटारापाशी जाऊन ओकलो.

डावीकडे, जिथे ताईचे पाय आले असते, तिथे जोडाला चीर गेली आहे. केसाएवढी, पण वीतभर लांब. ती जुनी नाही. आतलं लोखंड चकचकीत आहे, गंज धरलेला नाही. ही तुझ्या दहा दिवसांतली आहे. मी खडूने खूण केली आहे. बॅटरी काढून नेतोय, म्हणजे कोणी हौसेने सुरू करून बघायला नको.

आता काय करायचं ते सांगतो. हे पत्र आधी आईला मोठ्याने वाचून दाखव. मग ते आणि गाडीचे फोटो घेऊन वाहन तपासणीच्या ऑफिसात जा. पॉलिशवाल्याकडे आधी जाऊ नका, तो गोड बोलून गाडी उचलून नेईल आणि पुन्हा रंगवेल. तो म्हणेल, तुमच्या मामानेच पास केली. हो म्हण. खरंच आहे ते.

ताई रडेल आणि म्हणेल, घरातली गोष्ट घरातच मिटवू, आपला माणूस आहे. तुझे बाबा चिडतील, पण शेवटी तेही तेच म्हणतील. ऐकू नकोस. अशा अजून दोन गाड्या मी जोडल्या आहेत, एक निळी, एक राखाडी. त्यांच्याबद्दल आठवलं ते सगळं शेवटच्या पानावर लिहिलंय. दोन्ही विकल्या गेल्या. कोण चालवतं, शेजारी कोण बसतं, मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. त्या लोकांना या कागदाशिवाय कोण सांगणार आहे? मला वाचवायला हा कागद फाडलास, तर माझं काम तू पुरं केलंस असं होईल.

मी गॅरेजमध्येच आहे. कुठे जाणार नाही. तुला येऊन बोलायचं असेल तर ये, नसेल तर तेही मी समजून घेईन.

पत्राखाली नातं लिहितात. पण हा कागद ऑफिसात जायचा आहे, तिथे नातं चालत नाही, धंदा लागतो. म्हणून तोच लिहून सही करतो.

निळी, राखाडी आणि तुझी लाल जोडणारा,
वेल्डर