हिवरखेडला दहा मिनिटं

आई, परवा आम्ही चौघं मित्र अमरावतीहून वानच्या धरणावर जाऊन आलो, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, पण हे सांगायला दुसरं कुणी सुचत नाही. घरात बोललो तर म्हणतील, साठीला आलेला माणूस एवढ्यातेवढ्यावरून काय चिडतो.

चिडू नको तर काय करू? सहाला निघायचं ठरलं होतं. मी पावणेसहाला गाडी पुसून, हवा भरून तयार. पहिला महाराज सव्वासातला खाली उतरला आणि परत वर गेला, कारण अ‍ॅसिडिटीची गोळी राहिली. दुसरा बँकेतून रिटायर झालेला. तो बाजूच्या सीटवर बसून मोबाईलमधला नकाशा बघत मला रस्ता सांगतो. मला! अकोटच्या एस.टी.त खिडकीसाठी भांडून ज्याचं अर्धं बालपण गेलं, त्याला! परतवाड्याला गिला वडा खाल्ला, तर दही आंबट निघालं म्हणून दुसऱ्या हॉटेलात जाऊन पुन्हा खाल्ला. तिसऱ्याला एसीनं सर्दी होते, म्हणून काचा उघड्या. काचा उघड्या, म्हणून पहिल्याला धूळ. अंजनगावच्या पुढे चाक पंक्चर झालं. मी उन्हात जॅक लावतोय आणि हे तिघं संत्र्याच्या बागेपुढे फोटो काढतायत. "भाऊ, जरा हसून पाय ना इकडे," एक जण म्हणतो. हातातला पाना फेकून मारावा असं वाटलं. मारला नाही, हसलो. फोटोत छान आलोय मी.

दिवसभरात मला एकच गोष्ट हवी होती. वाटेत तुझं हिवरखेड लागतं. मामा आता पंच्याऐंशीचे झाले, हृदय थकलंय, अकोल्याच्या डॉक्टरांनी 'आता घरीच सांभाळा' म्हणून परत पाठवलंय. दहा मिनिटं येऊन जातो, असं मी आदल्या दिवशी फोनवर कबूल केलं होतं. "येजो बाप्पा," ते म्हणाले, "मी रोडावरच येऊन बसतो. लय दिवस झाले तुले पायलं नाही." अकोट सोडताना मी विषय काढला, तर गाडीत एकच गलका. "येतानी थांबू ना बे, ऊन चढून राहिलं." "मामा जेवल्याबगर सोडते का? दहा मिनिटाचे दोन घंटे होते." मी म्हणालो, बरं. मामांना फोन केला की येताना येतो. "काही हरकत नाही, मी बसतोच मंग," ते म्हणाले. माझं हे 'बरं' तुला कधीच आवडलं नाही. "तुले लोकायचं आयकू येते, घरच्यायचं नाही," तू म्हणायचीस.

तुझा शेवटचा उन्हाळा आठवतो. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेली, पायांवर सूज, ताटात निवडायला घेतलेली तूर तशीच. "मले एकडाव हिवरखेडले ने. दादाले पाहून येतो." मी म्हणालो, पुढच्या रविवारी. त्या रविवारी मित्राच्या मुलीची सोयरीक निघाली. पुढच्या रविवारी दुसऱ्या मित्राचं घर बदलायचं होतं. तिसऱ्या रविवारीही मित्रांनी बोलावलंय असं सांगून निघालो, आणि तू तुरीचं ताट पुढे ओढलंस. चौथा रविवार आलाच नाही. तेरवीला मामा आले. टोपी-दुपट्टा दिला, कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर माझ्या पायांवर वाकले. मी पाय मागे घेतले. "काहून मांगं सरतं?" ते म्हणाले. "भाचा म्हंजे देव असते बाप्पा." आपल्याकडची रीतच ती, लहानपणी तर मी रुबाबात पाय पुढे करायचो. पण त्या दिवशी वाटलं, आपण तुला त्यांच्याकडे नेलं नाही, आणि हा म्हातारा आपल्या पाया पडतोय. मामांनी एक शब्द तरी बोलायचा होता, शिवी द्यायची होती. त्यांनी ते केलं नाही, याचा मला अजून राग आहे. तेव्हापासून मी हिवरखेडला गेलो नाही. फोन करतो, दिवाळीला, आठवणीनं.

धरणावर काही नव्हतं. पाणी कमी, भजी तेलकट, दगडावर बसून तिघांचं राजकारण. चारच्या सुमारास परत निघालो आणि पाच मिनिटांत तिघं घोरायला लागले. हिवरखेड आलं. पानठेल्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर मामा बसले होते. पांढरं धुवट धोतर, मांडीवर पिशवी, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे कपाळावर हात धरून बघत होते. माझी गाडी त्यांच्या ओळखीची नाही. थांबू नको म्हणायला गाडीत कुणी जागं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मी उतरीन, ते खुर्चीचा हात धरून उठतील आणि वाकतील. मी ब्रेकवर पाय ठेवला, काढला, आणि पुढे गेलो.

घरी येऊन फोन केला, गाडी खराब झाली, म्हणालो. "सुखरूप पोचला ना? मंग झालं," मामा म्हणाले. त्यांची सून मागून ओरडत होती, त्यांना ऊन लागून ताप भरलाय म्हणून. बायकोला मी सांगितलं, मित्रांनी थांबूच दिलं नाही. ती त्यांना दोन शिव्या देऊन मोकळी झाली.

हे लिहिलेले कागद मामांना पाठवावेत असं क्षणभर वाटलं. वाचून दाखवायला नातू आहे तिथे. पण नाही पाठवणार, माझी छाती नाही. तुला मात्र एक सांगून ठेवतो आई. त्या तिसऱ्या रविवारी मला कुणीच बोलावलं नव्हतं. मी बडनेरा स्टेशनच्या बाकावर संध्याकाळपर्यंत नुसता बसून होतो.