दोन अर्ध्या तुकड्या

तीर्थरूप सेनापती ताईस,

रोज सकाळी तुझ्या हातून मार खाणाऱ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. माझं बरं चाललं आहे. तुझं कसं चाललंय ते विचारत नाही, कारण फोनवर विचारलं की तुझ्याकडची रेंज जाते. (ती नेमकी ‘माझ्याकडे राहायला ये’ या वाक्यालाच कशी जाते, हे कंपनीला विचारायला हवं.) एकटीने राहू नका असं डॉक्टरांनी तुला बजावलं आहे, तेही मी काढत नाही. आज फक्त लढाईविषयी लिहितो.

तुझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा विरंगुळा म्हणून तुझ्या भाचीने आपल्या दोघांच्या फोनवर हा आळीपाळीने चाली करायचा युद्धाचा खेळ घालून दिला. मला वाटलं, जन्मभर शिलाई मशिनं खोलून जोडणारा माणूस मी, चार तुकड्या जोडणं काय अवघड? सुरुवातीला मी घोडेस्वार एकीकडे, तिरंदाज दुसरीकडे असे पाठवत राहिलो आणि तू एकेकाला गाठून निकालात काढलंस. तुकड्या एकत्र करून लढायचं असतं, असं भाचीने समजावलं. मी लगेच सगळ्यांची मोट बांधली. ढालवाले, तिरंदाज, घोडे, तोफा, झाडून सगळे एका निशाणाखाली. फौज इतकी भारदस्त दिसायला लागली, की दुकानात आलेल्या पडदे शिवणाऱ्या बाईंना मी ती मुद्दाम दाखवली. (त्यांनी आपलं मशीन कधी मिळेल एवढंच विचारलं.) पण एकत्र केलेली फौज तिच्यातल्या सर्वांत संथ तुकडीच्या चालीने चालते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घोडे तोफांच्या मागे रखडले, तोफा पुलावर अडकल्या, आणि तुझे दोन किरकोळ घोडेस्वार नदीला वळसा घालून माझ्या राजधानीत शिरले. तिथे चिटपाखरूही नव्हतं. त्या दिवशी पडदेवाल्या बाईंच्या मशीनला मी सुई उलटी बसवली.

त्यानंतर शहाणा झालो. ढालवाले पुढे, त्यांच्या आडोशाला तिरंदाज, बगलेला घोडे, तोफा सावकाश मागून. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं. असं करत परवा मी थेट तुझ्या किल्ल्याच्या दारात पोचलो. फार आनंद झाला, पण तो टिकला नाही. तुझी फौज जागची हललेलीच नव्हती. तू रोज सकाळी नुसतं ‘चाल संपली’ हे बटण दाबत होतीस. तू उठली आहेस एवढं मला कळावं म्हणून. मी जिंकत नव्हतो ताई, तू खेळतच नव्हतीस. मला दुकानात बसवेना. तुझ्या समोरच्या दारातल्या नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “स्वयंपाकघरापर्यंत जातात, पण मध्ये खुर्ची ठेवलीय त्यांनी, बसायला.”

असो. लढाईविषयीच लिहायचं ठरलं होतं. लहानाचं काही चुकलं असेल तर रागाव, पण उत्तर दे.

राजधानी गमावलेला,
तुझा भाऊ

ता. क. : खेळातला एक नियम तुला ठाऊक नसावा. मार खाल्लेल्या दोन अर्ध्या तुकड्या एका चौकोनात आणल्या, की त्यांची एक धड तुकडी होते. मला जिना चढता येतो, पण सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. तुला जिना झेपत नाही, पण दोरा पहिल्या खेपेला ओवतेस. जोडलेल्या तुकडीला नाव वरिष्ठ तुकडीचंच राहतं, तेव्हा हुकूम तुझाच चालेल.

आणखी ता. क. : ‘माझ्याकडे राहायला ये’ हे मी मागे घेतो. संथ तुकडीला पूल ओलांडायला लावायचा नसतो, दुसरीने तिच्याकडे जायचं असतं. हे पत्र टपालाने आलेलं नाही, दाराखालून सरकवलं आहे. मी बाहेर जिन्यावर हत्यारांची पेटी आणि कपड्यांची बॅग घेऊन बसलो आहे. चाल तुझी आहे. घाई करू नकोस, भिंत धरून ये.