बिनआगीचं गोड आणि माझी मान

३ तारीख, सोमवार

शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या आणि मला चांगलंच अडकवून गेल्या.

ऐन गर्दीची वेळ. काउंटरपलीकडे सात-आठ गिऱ्हाइकं. बाईंचा आवाज वर्गातला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "आजी, पुढच्या शनिवारी मुलांची स्पर्धा ठेवलीय. गॅस नाही, ओव्हन नाही, काडी पेटवायची नाही – आणि गोड पदार्थ करायचा. परीक्षक तुम्ही!" मी म्हटलं, मला कुठला वेळ. तर पाव घ्यायला आलेली शिंपीणबाई मध्येच म्हणते, "अहो, यांच्यासारखी जीभ आहे का कुणाची!" झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि हो म्हणून बसले.

बिनआगीचं गोड! चाळीस वर्षं भट्टीपुढे काढली, आता बिस्किटाच्या चुऱ्याचे गोळे तपासायचे. पण ते जाऊ दे. खरी पंचाईत या वहीशिवाय कुणालाच माहीत नाही. त्या लांबलेल्या तापानंतर मला चव कळत नाही. वासही नाही. साखर तोंडात टाकली तरी वाळू. आठ महिने झाले!

४ तारीख, मंगळवार

आजही मान हलवली.

आमच्याकडे रिवाजच आहे. पहिला ट्रे भट्टीतून निघाला की त्यातलं एक बिस्किट बशीत येतं. हे होते तेव्हा हे चाखायचे, हे गेल्यापासून मी. मान हलली की शटर वर. नाही हलली तर ट्रे परत. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात – मुलगा, सूनबाई, भट्टीवाला. मुलाचा सवाल रोज तोच: "आई, काय?"

आणि मी आठ महिने नुसती मान हलवतेय. बिस्किट उलटं करून बुडाचा रंग बघते, मोडताना 'कट्' आवाज येतो का ऐकते, डोळे मिटून चावते (डोळे मिटायची खरं तर काही गरज नाही, पण शोभतं). मग मान. अजून एकही तक्रार आलेली नाही. नशीब!

सांगायला हवं, कळतं मला. पण मान हलवायची नाही तर दुकानात मी कोण? कोपऱ्यातल्या स्टुलावरची म्हातारी. येणारा-जाणारा विचारणार, "बऱ्या आहात ना?" नको ग बाई.

६ तारीख, गुरुवार

नात स्पर्धेत उतरणार! नऊ वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. मी मोठ्या बाईंना फोन केला, घरचीच मुलगी आहे, मला सोडा. त्या म्हणतात, "बशीवर नाव नसणार, नुसता नंबर. तुमच्यावर आमचा विश्वास आहे." आता या विश्वासाचं काय लोणचं घालू?

भिंगरीने आपला बेत ऐकवला. बिस्किटं लाटण्याने कुटायची. त्यात कंडेन्स्ड मिल्क, कोको, थोडं लोणी. मळून गोळे. खोबऱ्याच्या किसात लोळवायचे आणि फ्रिजमध्ये तासभर. मी म्हटलं, "यात पाककृती कुठे आहे? ही तर मातीतली भांडीकुंडी." ती म्हणाली, "आजी, तुला आग नसली की काही सुचतच नाही."

खरंय.

७ तारीख, शुक्रवार

आज पहिली खेप. कोपऱ्यात हल्ली एखादा ट्रे फडक्याखाली झाकलेला असतो. मुलाला विचारलं तर म्हणतो, "फुटकी बिस्किटं, आई. गुरांना देतो." भिंगरीने त्यातलीच शर्टाच्या ओच्यात भरून आणली. कोण ओरडणार, गुरांचीच तर होती.

तासाभराने गोळे समोर. दिसायला सुरेख, एकसारखे. मी एक खाल्ला. डोळे मिटले. "वा! जमलंय!" दुसराही खाल्ला. मग तिने एक तोंडात टाकला, आणि जी धावली मोरीकडे!

"आजी, खारट आहे! खा-र-ट!"

मी लगेच बरण्यांकडे बोट दाखवलं. "तुझ्या हाताने मीठ पडलं असेल. बरण्या सारख्याच आहेत."

"मी कुठलीच बरणी उघडली नाही."

"मग पडलं असेल कुठून तरी. तुला वाईट वाटू नये म्हणून मी बोलले नाही."

 ती नुसती बघत राहिली. असं बघणं तिने तिच्या बापाकडून घेतलंय.

९ तारीख, रविवार

पकडले गेले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर भिंगरी आली. "आजी, डोळे मीट. तोंड उघड." करकरीत फोड तोंडात पडली. मी म्हटलं, "सफरचंद! गोड आहे हं."

"कच्चा बटाटा."

तिने उरलेला बटाटा बशीत ठेवला. मग विचारलं, "किती दिवस झाले?" मी सांगितलं. वास, चव, ताप, सगळं. सांगताना रडू फुटलं. नातीपुढे! तिने माझे डोळे पुसले ते खोबऱ्याचा कीस लागलेल्या हातांनी, म्हणजे आणखीच चुरचुरले.

"मग सकाळी मान कशाला हलवतेस?"

"सवय."

"म्हणजे खोटं?"

मुलांना मधला शब्दच माहीत नसतो. मी म्हटलं, हो, खोटं. तिने विचार केला. "मी कुणाला सांगणार नाही. पण बाबांना तू सांग."

"सांगेन."

"कधी?"

"स्पर्धा होऊ दे."

तिने करंगळी पुढे केली. मी अडकवली. आता सुटका नाही.

१० तारीख, सोमवार

भिंगरीने आपणहून तोडगा आणला. स्पर्धेत ती रांगेत उभी राहून खुणा करणार! कान खाजवला तर गोड, नाक खाजवलं तर बिघडलेलं. मी साफ नाही म्हटलं. एक लबाडी निस्तरता येत नाही, त्यात दुसरी! ती फुरंगटून बसली. "मग तू काय करणार?"

काय करणार – तेच तर कळत नाही.

१२ तारीख, बुधवार

सुचलं! भाजी निवडता निवडता सुचलं.

चव जिभेवर कळते, पण दिसते चेहऱ्यावर. इतकी वर्षं गिऱ्हाइकाचं तोंड बघूनच मी ओळखायचे, पुन्हा येणार की नाही. तेव्हा नियम असा: प्रत्येक मुलाने आपला पदार्थ आधी माझ्यासमोर स्वतः खायचा. मोठ्या बाईंना फोनवर सांगितलं, "आपण केलेलं आपल्याला आवडलं पाहिजे, ही पहिली कसोटी." नंबरांची गुप्तता गेली हे विसरून त्या भारावल्या. म्हणाल्या, "किती खोल विचार आहे!"

खोल कसला, खड्ड्यात पडलेल्या बाईचा विचार आहे.

१४ तारीख, शुक्रवार

भिंगरीचे गोळे उत्तम झाले, असं सूनबाई म्हणाली. या वेळी बिस्किटं दुकानातल्या पुड्यातली. मी चाखले नाहीत. पोटात आत्तापासून गोळा आहे, त्यात आणखी कुठे जागा!

१५ तारीख, शनिवार

बसून नीट लिहिते. 

सतरा बशा होत्या. खजूर-शेंगदाण्याच्या वड्या, केळ्याच्या चकत्यांवर चॉकलेट (उन्हात वितळवलेलं – पोरगं शाबास), बिस्किटांचे थर, दह्यात साखर घालून गोठवलेलं काहीतरी, जे माझ्यापर्यंत येईतो पुन्हा दही झालं होतं. मागे पालक. मुलगाही आला होता, दुकान सूनबाईवर टाकून.

एकेक मूल आलं, खाल्लं, मी चेहरे वाचले. तीन नंबरने गिळताना खांदे उडवले. बाद. आठ नंबर चावता चावता आईकडे बघत होता, म्हणजे आईनेच केलेलं. बाद. अकरा नंबरला गिळवेचना, बिचारीने गालात साठवून ठेवलं आणि मान खाली घातली. बारा नंबर आमची भिंगरी. तिने गोळा तोंडात टाकला आणि चेहरा कोऱ्या फळ्यासारखा ठेवला. भुवईसुद्धा हलवली नाही! मला राग आला. इतकी मेहनत केलीस, थोडं तरी हस ना! नाही म्हणजे नाही.

सोळा नंबर दुसरीतली, दोन वेण्यांची, गोलमटोल. ब्रेडच्या कडा कापून, जॅम लावून, गुंडाळून, वर खोबऱ्याचा कीस. तिने घास घेतला आणि डोळे आपोआप मिटले! दुसरा घास. बोटं चाटली. मला विसरलीच ती. असा आनंद मी भट्टीपुढेही क्वचित पाहिलाय. मी एक गुंडाळी खाल्ली, डोळे मिटले आणि मान हलवली. पहिला नंबर, सोळा!

टाळ्या. मोठ्या बाईंनी कौतुकाने त्यातली एक उचलली आणि माइकसमोरच खाल्ली. खाता खाता थांबल्या.

"बाळ... यात लसूण आहे का?"

"हो!" दोन वेण्या खुशीत. "घरी लसणाचाच ब्रेड होता. आजींच्याच दुकानातला!"

सगळं माइकवरून. आधी कुणीतरी फुसकन हसलं, मग निम्मा हॉल. मग हसू ओसरलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिंपीणबाईसुद्धा. लसूण आणि जॅम, आणि यांना कळलं नाही? मला दरदरून घाम फुटला. रांगेत भिंगरी पांढरीफटक. मी माइककडे हात केला. ठरवलं, सांगून टाकावं, एकदाचं होऊन जाऊ दे.

तेवढ्यात मुलगा मागून चालत पुढे आला. बशीतली एक गुंडाळी उचलली. सावकाश चावली, सगळी, शेवटच्या तुकड्यापर्यंत. लसूण त्याला लहानपणापासून गोडात काय, आमटीतही खपत नाही! आणि म्हणाला, "आईने मान हलवली ना? मग झालं."

मग शिंपीणबाईने एक खाल्ली. "वेगळंच आहे हं काहीतरी." मग आणखी कुणी. बशी रिकामी झाली. माझी मान हलली होती म्हणून आख्ख्या हॉलने लसूण-जॅम गोड मानून घेतलं! मोठ्या बाईंनी राहिलेला घास गिळला आणि दोन वेण्यांना बक्षीस दिलं.

घरी येताना भिंगरीला विचारलं, "तोंड का असं ठेवलंस?" म्हणाली, "मी हसले असते तर ती खूणच झाली असती ना. मग लबाडी झाली असती." तिला बक्षीस नाही मिळालं. मी तिला जवळ घेतलं तर म्हणते, "आजी, उद्या सांगायचं. करंगळी."

१६ तारीख, रविवार

सकाळपासून गिऱ्हाइकं विचारतायत, "ते लसूण-जॅमवालं आहे का?" दुपारच्या आत लसणाचा ब्रेड संपला. लाज वाटली आणि हसूही आलं. दुकानात दिवसभर माणसं, बोलायला जागाच नाही. भिंगरी जाता-येता करंगळी दाखवतेय.

उद्या. शटरच्या आधी. उद्या नक्की.

१७ तारीख, सोमवार

एकट्यात गाठावं म्हणून रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी गेले. मागच्या दाराशी पोचले तर आत मुलगा पहिल्या ट्रेमधलं बिस्किट चावत होता. तोंड वाकडं केलं, ट्रे कोपऱ्यात सरकवला, वर फडकं टाकलं. "पुन्हा दुप्पट मीठ. काका, चष्मा लावा हो." भट्टीवाला म्हणाला, "आठ महिने झाले, त्यांच्या आधी तुम्हीच चाखताय. सांगून टाका ना आईंना." मुलगा दुसरा ट्रे ओढत म्हणाला, "सांगून? आणि मग शटर कुणाच्या मानेवर उघडायचं?"

मी अंगणापर्यंत मागे गेले. डोळे पुसले. चपला वाजवत, खाकरत, माझ्या वेळेला आत आले. बशी समोर आली. "आई, काय?"

बिस्किटाचे दोन तुकडे केले. एक त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, "आधी तू."

तो बघतच राहिला. मग खाल्लं. त्याने मान हलवली, मग मी हलवली. शटर वर.