नऊ किलोची दुर्बीण आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, चष्म्याच्या कारखान्यात चौतीस वर्षे काचा घासून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मला दडपण्याची छाती असलेले कोणी आता हयात नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी दिला आहे. दातांचा डॉक्टर डोक्याचा दाखला कसा देतो, असे थोरले चिरंजीव विचारतील. त्यांनी माझ्याशी दोन मिनिटे वाद घालून पाहावा.

कलम १. राहते घर दोन्ही मुलांना समसमान. "आई, जवळ मी राहिलो," असे थोरल्याने म्हणू नये. दुकान जवळ होते म्हणून तो राहिला.

कलम २. बँकेतील ठेव धाकट्या बहिणीस. तिने ती स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावी, जावयावर नव्हे.

कलम ३. घासकामाची सर्व हत्यारे कारखान्यात माझ्या जागेवर आलेल्या बाईस. ती हात धुतल्याशिवाय काचेला शिवत नाही, एवढी पात्रता पुरे.

कलम ४. थोरले चिरंजीव दुर्बिणी विकतात, म्हणजे खोकी विकतात. खोक्यावर लाल अक्षरांत 'पाचशे पट मोठे' लिहिलेले असते. पाचशे पट मोठे काय दिसते? धुके! तिपाई अशी, की शेजारी कोणी शिंकले तरी चंद्र थरथरतो. गिऱ्हाईक दोनदा डोळा लावते आणि वस्तू माळ्यावर जाते. मी बोलले तर म्हणतो, "आई, लोक खोकंच बघून घेतात." गाढवाला गुळाची चव काय! त्यास माझे पुस्तकांचे कपाट द्यावे, पुस्तके काढून घेऊन.

कलम ५. आकाशमंडळाच्या अध्यक्षांनी माझी दुर्बीण मंडळाच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, पितळी पाटीसकट ठेवण्याची लेखी मागणी केली आहे. यांच्या स्वतःच्या दुर्बिणीला चार माणसे आणि एक टेम्पो लागतो. एकोणीस वर्षांत ती सात वेळा बाहेर निघाली, त्यातली एक फोटोसाठी. मी माझी पहिल्यांदा नेली तेव्हा हेच गृहस्थ सर्वांसमोर म्हणाले होते, "बाई, ही दुर्बीण की जेवणाचा डबा?" आता लोक उचलता येणाऱ्या दुर्बिणींमागे लागले, तसे हे आयत्या बिळावर नागोबा व्हायला निघाले. त्यांना माझा जेवणाचा डबा द्यावा. तो त्यांनी खुशाल कपाटात ठेवावा.

कलम ६. दुर्बिणीचे वर्णन, म्हणजे पुढे कोणी दुसरीच वस्तू पुढे करणार नाही. आठ इंची आरसा, चौदा महिने दर रविवारी मी हाताने घासलेला. नळी नाही. नळी म्हणजे विकतचे ओझे. तिच्या जागी अॅल्युमिनियमच्या आठ कांड्या, त्यांवर काळे कापड. आरशाची लाकडी पेटी हीच खालची बैठक. कांड्या सुटल्या की पडद्याच्या दांड्यांसारख्या एकत्र बांधायच्या. नट सैल होतात पण निघत नाहीत, कारण पहिल्या वेळी एक गवतात हरवला आणि तीन शहाणी माणसे संध्याकाळभर रांगत होती. मोटार नाही, तारा नाहीत, हाताने ढकलायची. एकूण वजन नऊ किलो. एकटी म्हातारी ती तीन जिने उतरवते, बसमध्ये मांडीवर घेते आणि मोकळ्या मैदानावर आठ मिनिटांत उभी करते. तिच्यातून शनीची कडी बघून फळवाली मला म्हणाली, "चिकटवलीत ना आत?" एवढे चोख चित्र अध्यक्षांच्या धुडाने कधी दाखवले नाही.

कलम ७. ही दुर्बीण धाकट्या सुनेस द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. मी दवाखान्यात असताना सुनेने आरसा काढून नळाखाली धुतला. वर भांड्यांच्या साबणाचा थेंबही घातला. घरी येऊन पाहते तो आरसा उन्हाआड निथळत ठेवलेला. मी ओरडले, "हा काय दुधाचा टोप वाटला तुला?" ती म्हणाली, "आई, वाटलं, पट्टी सुटली की तुम्ही पहिलं यातूनच बघाल." मी म्हणाले, "आता तुझी अक्कलही तशीच धुवून काढ." आठवड्यात धाकटा तिच्यासह वेगळा झाला. बरे केले त्याने.

चार वर्षांपूर्वी आरशावर नवा मुलामा चढवायला दिला. मुलामेवाला म्हणाला, "हे ओरखडे कोरड्या फडक्याचे. आरसा पाण्यानंच धुवायचा, साबणाचा थेंब घालून. कोण पुसत होतं?" पुसत मी होते, वर्षानुवर्षे, मऊ फडक्याने, मोठ्या दिमाखात. त्याने विचारले, "सूनबाई का?" आणि मी मान हलवली. हो म्हणून.

इथवर मी साक्षीदारांना वाचून दाखवले. दुसरा साक्षीदार म्हणून बोलावलेल्या त्याच मुलामेवाल्याने हातातले पेन खाली ठेवले.

"म्हणजे मला खोटं सांगितलंत?"

"हो."

"आणि तिला हे कळणार तुम्ही गेल्यावर?"

"मृत्युपत्र असंच असतं, बाबा."

"मग तिनं उत्तर कुणाला द्यायचं?"

दंतवैद्य खिडकीबाहेर बघू लागले. जन्मभर मी कोणाचे ऐकून घेतले नाही, पण हे ऐकून घेतले. मला माझीच लाज वाटली. अध्यक्ष निदान तोंडावर बोलले होते. मी मरणाच्या आड लपून बोलायला निघाले होते.

सबब, कलम ७ मी माझ्या हाताने खोडत आहे. दुर्बीण माझ्या मागे राहणाऱ्या मालमत्तेत धरू नये. येत्या रविवारी मी ती स्वतः सुनेच्या घरी नेईन. दोन बस बदलाव्या लागतात. दारात उभी राहून 'चूक माझी होती' एवढेच म्हणायचे आहे. घरात म्हणून पाहिले, दुसऱ्या शब्दाशीच अडते. तिने दार लावून घेतले तर पेटी उंबऱ्यावर ठेवून परत येईन. पुढे दुर्बिणीचे काय करावे, हे तिला सांगण्याचा अधिकार मला नाही.

स्थळ: राहते घर, तिसरा मजला, स्वयंपाकघर
दिनांक: १२ मार्च, गुरुवार

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: (सही) दंतवैद्य, तळमजला. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २: (सही) मुलामेवाला. कलम ७ माझ्यासमोर खोडले. पेटी बसपर्यंत उचलून देतो म्हटले, तर बाई म्हणाल्या, मला एकटीलाच जाऊ दे.