पासपोर्टाला लावलेलं कुंकू

ती. आई,

इतक्या लांबून तुझ्या पाया पडतो. फोनवर तू रडली असतीस, म्हणून लिहिलं. आपली अपेक्षा वाचून दाखवील.

मी मजेत आहे. जर्मनीत कंपनीचं ट्रेनिंग झकास चाललंय. फक्त इथं उतरलो तेव्हा विमानतळावर जरा थांबवलं. निघताना तू पासपोर्ट येमाईच्या फोटोपुढं ठेवून पुजलास ना, ते ओलं कुंकू माझ्या फोटोवर पसरलं होतं. साहेबाला वाटलं, फोटोत काहीतरी गडबड केलीय.

(अपे, दादाचं ऐक, एवढं मनातच वाच. खोलीत एकटं बसवलं होतं. परत पाठवतात की काय म्हणून सारखा दाराकडं बघत होतो.)

आता मोठ्यानं वाच. आपल्या वकिलातीतल्या मॅडमनी फोनवर त्याला समजावलं, "यांच्या आया नव्या ट्रॅक्टरलासुद्धा कुंकू लावतात." साहेब हसला आणि सोडलं. नवा पासपोर्टही मॅडमनीच करून दिला.

तुझा गुडघा कसाय? म्हैस व्याली का?

जुना पासपोर्ट कोपरा कापून परत दिलाय. त्याच्यावर आता कुठंच जाता येत नाही. तरी रोज कामाला निघताना ते पान उघडतो, कुंकवाला बोट लावतो आणि मगच दार ओढून घेतो.

तुझाच,
विनोद