चढता आकडा

१२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे आपापल्या जागी आहोत, तूही तिकडे धडधाकट असशील असे धरून लिहायला बसलो आहे. तुझे पत्र सोमवारी मिळाले. तिथे वारा इतका की घास तोंडाशी येईपर्यंत त्याची वाळू होते, हे वाचून तुझी वहिनी हसली आणि मग पत्र घेऊन आत गेली.

आधी तू विचारलेस ते. चार वर्षांत साठवलेले पैसे आत्ताच आपल्या चलनात बदलून, नोकरी सोडून घरी यावे, की चांगला भाव येईपर्यंत थांबावे? पेढीच्या फळ्यावर लावायला मी रोज सकाळी चलनाच्या भावाचे जे एक पान लिहितो त्याच रीतीने सांगतो, दोन भागांत.

थोड्या मुदतीचे असे. तुमच्या एका नाण्याला आज आपले साडेएकसष्ट मिळतात. गेले तीन आठवडे भाव एकसष्टला टेकतो आणि पुन्हा उचलतो, म्हणजे तिथे त्याला आधार आहे. वर साडेबासष्टला तो दोनदा अडला. आपल्या मुख्य बँकेची व्याजदराची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर मोठे व्यापारी हात राखून राहतील आणि भाव या दोन भिंतींमध्ये येरझाऱ्या घालील.

लांबच्या मुदतीचे वेगळे. गेल्या दोनशे दिवसांची सरासरी काढली तर ती चढती आहे, आणि आजचा भाव तिच्याही वर आहे. आपण बाहेरून विकत घेतो जास्त आणि बाहेर विकतो कमी. हे असेच राहिले तर आपले चलन झिजत जाणार आणि तुमच्या नाण्याचा आकडा चढत जाणार. मे महिन्यापर्यंत चौसष्ट दिसायला हवा. इथल्यांना ते जड जाईल, तुला मात्र फायद्याचे.

पेढीत मला ज्योतिषीबुवा म्हणतात, हे तुला ठाऊकच आहे. खिडकीवरचा रोखपाल रोज विचारतो, काय बुवा, आज आपलं चलन जगणार का? मी म्हणतो, पाच वाजेपर्यंत नक्की. पाचला त्याची खिडकी बंद होते.

नाना ठीक आहेत. दर तीन आठवड्यांनी रक्त तपासतात. मूत्रपिंडाचा जो आकडा असतो तो गेल्या खेपेला चार होता, या खेपेला साडेचार. हळूहळू चढतो आहे. डॉक्टरबाईंनी मीठ तोडायला सांगितले आहे आणि पाणी मापाने. सवयीप्रमाणे मी त्यांनाही दोन्ही मुदतींचे विचारले. म्हणाल्या, वडिलांची महिना-दोन महिन्यांची काळजी करू नका.

सकाळी नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. पान पेढीत नेण्याआधी मी त्यांना वाचून दाखवतो. परवा लांबच्या मुदतीचे वाचले तर म्हणाले, "हे तर काल वाचलंस." खरे आहे. लांबचे मी बहुतेक दिवस कालचेच उतरवतो. इतक्या वर्षांत पेढीत कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

प्रकृतीला जप. देव तुझ्या पाठीशी आहे.

तुझा,
दादा


२ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. पेढीत बैठकीच्या दिवसांत मान वर करायला फुरसत नव्हती.

तुझे पत्र वाचले. तू लिहितोस, "दादा, दोन्ही आकडे चढताहेत, याहून चांगली बातमी काय असणार? आता मी निवांत थांबतो. नानांना सांग, चौसष्ट लागला की त्याच दिवशी निघतो." तुझा निरोप मी नानांना सांगितला.

भावाचे सांगतो. बैठकीत व्याजदर होता तिथेच राहिला, आणि दुसऱ्याच दिवशी भावाने साडेबासष्टची भिंत ओलांडली. आज बासष्ट नव्वदला आहे. थोड्या मुदतीत तो जरा मागे येईल, लोक आपापला फायदा काढून घेतील. त्याने घाबरू नकोस. जी भिंत ओलांडली तीच आता त्याला खालून आधार देईल. लांबच्या मुदतीचे मत तेच आहे. थांबायला हरकत नाही.

नानांच्या पायांवर सूज येते. चपला घालता येत नव्हत्या, म्हणून वहिनीने पट्टे उसवून सैल करून दिले. जेवणाला चव नाही म्हणतात, त्यावर मीठ नाही म्हणजे चव कुठून येणार असे आम्ही म्हणतो. आडवे झाले की दम लागतो, तेव्हा पाठीशी तीन उशा ठेवून बसल्या बसल्याच झोपतात. आकडा सहाच्या पुढे आहे. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. नाना मला म्हणाले होते, पोराला काम अर्धवट टाकून यायला लावू नकोस.

परवा तुझा फोन आला तेव्हा ते झोपले होते. एरवीही त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही.

एक गोष्ट तुला सांगावीशी वाटते. नाना आता रोज भाव विचारतात. मी कागद घेऊन बसलो की त्यांचा पहिला प्रश्न, "आज किती?" मग पुढचे सगळे ऐकतात. आधार कुठे, अडथळा कुठे, सरासरी म्हणजे काय, ती दोनशेच दिवसांची का. बाजारातल्या काट्यावर चाळीस वर्षे पोती तोलली त्यांनी, त्यामुळे अर्धवट उत्तर चालत नाही. लहानपणी ते तुला काट्यावर उभे करायचे आणि तुझे वजन पाटीवर लिहायचे. मी शाळेतून यायचो आणि पाटी वाचायचो. मला त्यांनी कधी उभे केल्याचे आठवत नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. मी थोरला, अंगाने आडवा, वजन करण्यासारखे माझ्यात काय होते? पण या पन्नाशीच्या तोंडाशी रोज सकाळी अर्धा तास ते माझ्या तोंडाकडे बघत बसलेले असतात आणि मी बोलत असतो. सकाळी डोळे मिटून बसलो की हल्ली मागायचे काही सुचत नाही, नुसते आभार मानतो.

काम जपून कर. उंचावर चढताना पट्टा बांधत जा.

तुझा,
दादा


१० मे

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही.

तू परत गेलास त्याला सतरा दिवस झाले. नीट पोहोचल्याचे वहिनीकडून कळले. वहिनी माझ्याशी कामापुरते बोलते. ताट वाढते, पाणी ठेवते, आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटी जेवते. तुला तिने मला न विचारता फोन केला. तिने तो केला नसता तर तू त्या दिवशीही आला नसतास. नानांना स्मशानात पोहोचवून आम्ही परतलो होतो, ओले कपडे दोरीवर होते, आणि तू बॅग घेऊन दारात उभा होतास. बरोबर एक दिवस उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी तू औषधांचा डबा आवरायला घेतलास आणि नानांची फाईल उघडलीस. प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या तारखेने लावलेल्या होत्या. चार, साडेचार, पाच पूर्णांक दोन, सहा पूर्णांक तीन, पावणेआठ, नऊ. त्यांच्याच मागे तुझे पत्र होते. तू उभ्याउभ्या सगळे वाचलेस. मग मला एकच गोष्ट विचारलीस.

"दादा, मी उलटं वाचलंय, हे तुला कळलं होतं ना?"

मी म्हणालो, गडबडीत लक्षात आलं नाही. तू फाईल जागेवर ठेवलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास.

कळले होते. पत्र हातात पडले त्या क्षणीच कळले होते. तुमच्या नाण्याचा आकडा चढला की तुझे भले होते, म्हणून रक्तातला आकडा चढला तेही भलेच, असे तू धरलेस. यात तुझी चूक नाही. मी दोन्ही एकाच पानावर, एकाच शब्दात लिहिले होते. पहिल्या खेपेला ते नकळत झाले. दुसऱ्या पत्रात "आकडा सहाच्या पुढे आहे" एवढेच लिहिले आणि हा आकडा उतरायला हवा, हे पुढचे वाक्य लिहिले नाही. ते नकळत नव्हते. लेखणी उचलून मी थोडा वेळ बसलो होतो आणि मग घोर लावून घेऊ नकोस म्हणून लिहिले, त्याखाली फोनबद्दल.

त्या फोनचे आधी सांगतो. नाना झोपलेले नव्हते. खुर्चीत बसून हाताच्या खुणेने विचारत होते, कोण आहे. मी फोन ठेवला आणि पेढीतून होता म्हणून सांगितले.

डॉक्टरबाईंचेही मी निम्मेच कळवले. महिना-दोन महिन्यांची काळजी नको म्हणाल्या त्या, आणि पुढे म्हणाल्या, "वर्षाचं मात्र मला विचारू नका." यंत्रावर रक्त धुवायला नानांनी नकार दिला होता. आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायला मी काय पोतं आहे का, म्हणाले. पोराला यायला लावू नकोस, असे ते खरोखर म्हणाले होते, पण जानेवारीत, एकदाच. फेब्रुवारीपासून ते तसे म्हणत नव्हते. ते विचारत होते, त्याचं पत्र आलं का?

का केले, ते मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही. आधी मी मनाची समजूत घातली की तुझे नुकसान होऊ नये म्हणून. चार वर्षे तू वाळू खाल्लीस, दोन महिने थांबलास तर चांगला भाव मिळेल. हे सगळे खोटे नव्हते, पण खरे कारण ते नव्हते. खरे कारण ती सकाळची खुर्ची होती. तू आलास की नाना तुझ्याकडे तोंड करून बसतील आणि मी पुन्हा पाटी वाचणारा होईन, असे मला वाटले. अजून थोडे दिवस ते माझे एकट्याचे असू देत, एवढेच मला हवे होते. गावच्या शाळेत एका खोलीत चार इयत्ता बसत, तिथे गुरुजी आपल्या रांगेकडे वळावेत म्हणून आम्ही श्वास धरून बसायचो. मी तसाच बसलो होतो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस.

भावाचे माझे मतही चुकलेच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्य बँकेने कुणाला कल्पना नसताना व्याजदर वाढवला आणि चार दिवसांत भाव एकसष्ट वीसला आला. ज्या सरासरीच्या जोरावर मी तुला थांबवले तिच्याही खाली. मालकांनी बोलावून विचारले, हे तुमच्या लांबच्या मुदतीत कुठेच कसं नव्हतं? मी जाऊन फळ्यावरचे पान काढून घेतले.

आता जे मी वहिनीलाही सांगितलेले नाही ते लिहितो.

भाव पडला त्या आठवड्यात नानांचे बोलणे तुटक झाले होते. बराच वेळ झापड, मधूनच अगदी स्वच्छ जाग. सतरा तारखेला सकाळी मी कागद घेऊन बसलो. त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "आज किती?" मी खरे ते सांगितले, एकसष्ट वीस. त्यांचा चेहरा पडला. आजाऱ्याचा चेहरा कसा पडतो ते मी पाहिले आहे, हे ते नव्हते. ते म्हणाले, "मग अजून नाहीच निघायचा तो."

तेव्हा मला समजले. दोन महिने ते माझे ऐकत नव्हते. आधार, अडथळा, सरासरी, हे सगळे त्यांनी एवढ्याचसाठी समजून घेतले होते. तुझा निरोप मीच त्यांना दिला होता, चौसष्टला निघतो म्हणून. रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघत ते तुझे अंतर मोजत होते.

मी कागद पुन्हा हातात घेतला आणि म्हणालो, नाना, कालचं पान होतं हे, आजचा चौसष्ट आहे. नानांनी मला पुन्हा एकदा आकडा म्हणायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे निघाला असेल. माझी खुर्ची दाराकडे फिरव."

मी फिरवली. ते दोन दिवस दाराकडे बघत बसले. त्यातला पहिला दिवस त्यांना सगळे कळत होते. वहिनीला वाटले दमामुळे वारा हवा असेल, म्हणून तिने दार उघडे ठेवले. त्याच दुपारी तिने तुझ्या ऑफिसात फोन लावला. मी पेढीत होतो.

त्यांच्या मनात तू वाटेवर होतास. मी खोटे बोललो म्हणून त्यांना ते दोन दिवस बरे गेले, असे मी स्वतःला सांगून पाहिले. ते टिकत नाही. खरे वेळेवर लिहिले असते तर तू फेब्रुवारीतच या दारातून आत आला असतास.

मी माफी मागत नाही. रोज सकाळी बसतो, डोळे मिटतो, पण देवाला काही सांगायला गेलो की आधी तुझा चेहरा येतो. ज्याचे घेतले त्याला सांगितल्यावाचून पुढे बोलू नये, एवढे मला समजले, म्हणून हे पत्र. याला उत्तर हवे असे नाही.

नानांच्या वस्तूंना मी हात लावलेला नाही. त्या तुझ्या आहेत, घरही तुझे आहे. माझ्यामुळे तू इथे येणे सोडू नकोस. जेव्हा यायचे असेल तेव्हा फक्त वहिनीला कळव, मला नको. पेढीच्या वर एक खोली रिकामी आहे, मालकांशी बोलून ठेवले आहे. तू असशील तितके दिवस मी तिथे राहीन. जिन्यात किंवा गल्लीत आपण समोरासमोर आलोच, तर तू न बोलता पुढे जा. मला त्यात काही वाटणार नाही.

वाटेल. पण तू जा.

ज्याला तू दादा म्हणत होतास,
तो