सात ओळींचा दाखला

४ जून
आज सत्तेचाळीस. चार वाजायच्या आत सत्तेचाळीस दाखले टाइप करून, सह्या घेऊन, खिडकीतून बाहेर. प्रवेशाचे दिवस आहेत, तक्रार नाही. सत्तेचाळीस वेळा एकच सुरुवात — 'धिस इज टु सर्टिफाय दॅट'. कॉलेजच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं हेच. बोटं आता मला विचारत नाहीत.

या वाक्याची गंमत अशी, की ते कुणी माणूस बोलत नाही. कागद बोलतो. 'मी सांगतो' म्हटलं की समोरचा विचारणार, तुम्ही कोण? 'धिस इज टु सर्टिफाय' म्हटलं की कुणी काही विचारत नाही. चार घड्या घालून पिशवीत ठेवतात आणि आभार मानतात.

दुपारी एक गृहस्थ आले. स्वतः हयात असल्याचा दाखला हवा होता, कुठल्याशा ऑफिसने मागितलाय. म्हटलं, तुम्ही त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा की. "राहिलो होतो," म्हणाले, "ते म्हणाले, लेखी आणा." आम्ही असे दाखले देत नाही. तरी आमचे माजी विद्यार्थी म्हणून दिला.

६ जून
ताईचा फोन. भाचीने लग्न ठरवलंय — स्वतःचं स्वतः. ताईचा राग ठरवल्याचा नाही, न विचारता ठरवल्याचा आहे. मुलगा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आईवडील नाहीत, काकांकडे वाढला, काकाही गेले.

"चौकशी करायची तरी कुणाकडे?" मग स्वतःच, "पण एक बरं आहे, वर्ष-दोन वर्षं तो तुझ्या कॉलेजात होता. तूच बघ. तू हो म्हणालास की माझं हो."

भावजी गेल्यापासून असले निर्णय माझ्या गळ्यात घालायची तिला सवयच लागली आहे. मलाही ते आवडतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

७ जून
नाव पाहिलं. आठवत नाही. अकरा वर्षं झाली. खिडकीतून मला चेहरे दिसत नाहीत, नुसते हात दिसतात.

९ जून, रविवार
ताईकडे जेवायला. ताट वाढायच्या आधीच तिने कागद पुढे केला. भाचीकडून मागवून घेतलेला, मुलाचा दाखला. "वाच. तुमच्याच ऑफिसचा आहे."

वाचायची गरज नव्हती. लांबूनच ओळी मोजल्या. सात.

आमच्याकडे साध्या मुलाला दोन ओळी मिळतात. अमुक सालापासून तमुक सालापर्यंत इथे शिकला. वर्तणुकीबद्दल काही वावगं कानावर आलेलं नाही. पहिला आलेला असो की काठावर पास झालेला, ओळी दोनच. सात ओळी कुणाला? ज्याला घालवायचं असेल त्याला. आधीचे प्राचार्य म्हणायचे, "ज्याला घालवायचं, त्याला वाजतगाजत घालवावं." नाव काढून टाकलं की घरचे येऊन बसतात, चार लोक विचारतात. स्तुती करून पाठवलं की मुलगा निमूट जातो, दुसरं कॉलेज हसतमुखाने घेतं, आणि आपली पाटी कोरी. ऑफिसात आम्ही त्या दाखल्याला 'वाजंत्री' म्हणायचो. त्यांच्या काळात आठ-नऊ तरी वाजली असतील. एकाने चाकू आणला होता. एकाने प्रश्नपत्रिकेचं कपाट उघडलं होतं. कागदावर सगळे आदर्श.

"आदर्श लिहिलंय बघ," ताई म्हणाली. "तुला कधी कुणी लिहिलं होतं का?"

मी पाणी प्यायलो. भाची माझ्याकडे बघत होती.

१० जून
ताईला सांगून टाकलं. आधी तपासायला हवं होतं. पण रात्रभर ते पोटात राहिलं नाही.

"म्हणजे चांगलं लिहिलंय म्हणून तो वाईट?"
"तसंच."
"आणि वाईट लिहिलं असतं तर?"
"वाईट आम्ही कुणाचंच लिहीत नाही, ताई."
"मग लिहिता कशाला?"

  उत्तराची वाट न बघताच म्हणाली, "थांबवते मी हे."

११ जून
भाचीचा फोन ऑफिसात. खिडकीवर रांग, तरी घेतला.

"मामा, तू त्याला भेटलास?"
"नाही."
"बोललास?"
"नाही."
"मग आईला काय कागदाचं वजन करून सांगितलंस? लपवायचं असतं तर त्याने तो कागद काढूनच दिला नसता. हरवला म्हणाला असता, काम संपलं."

मुद्दा बिनतोड. ही लहानपणापासून वकील. त्यांच्या घरी सध्या मायलेकी एकमेकींशी भांड्यांमार्फत बोलतात म्हणे — एकीने पातेलं आपटलं की दुसरी झाकण आपटते. शेवटी म्हणाली, "मी लग्न त्याच्याशीच करणार. फक्त आईला सोडून करायचं की घेऊन, एवढं तुझ्यावर आहे."

१३ जून
अर्धी रजा टाकून रेकॉर्ड रूममध्ये बसलो. तिथले राखणदार — आम्ही त्यांना गठ्ठेसाहेब म्हणतो — स्टुलावरून उतरलेच नाहीत. "वाजंत्रीवाला हवाय? त्यांची फाइल नसते साहेब. फाइल होऊ नये म्हणून तर वाजवायची."

फाइल नव्हतीच. पण आवक-रजिस्टरला हे कळत नाही, ते सगळं नोंदवतं. त्याच्या नावाची तीन पत्रं सापडली, एकाच महिन्यातली. विषय तिन्हींचा एक — रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गॅसचा वास येतो. शेरा तिन्हींपुढे एक — दप्तरी दाखल. नंतर एक पत्र बाहेरून आलेलं, तपासणी खात्याचं: आपल्या विद्यार्थ्याने कळवल्यावरून पाहणीस येत आहोत. त्यानंतर बाराव्या दिवशी जावक-रजिस्टरात त्याचा दाखला.

म्हणजे त्याचा गुन्हा एवढाच. वास आला, आणि तो आला असं म्हणाला.

"मग पाइप बदलला का हो?" गठ्ठेसाहेबांनी विचारलं.

बदलला. सुट्टीत, गाजावाजा न करता. त्याआधी एक मुलगी चक्कर येऊन पडली होती. उपाशी आली असेल, असं ठरलं. हे मला स्वच्छ आठवतं. मुलगा तेवढा आठवत नाही.

आवकेच्या तिन्ही नोंदी माझ्या अक्षरात आहेत. शेराही. जावकही.

१४ जून
ताईला फोन. "एक दिवस थांब. उद्या त्याला भेटतो." ती म्हणाली, "आता काय भेटायचंय?" पण थांबली.

१५ जून
भेटलो. प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंत घ्यायला आला. उंच, सावकाश बोलणारा, बाहीवर औषधाचे डाग. आत सगळीकडे बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. बोलता बोलता त्याचं चिठ्ठ्या लिहिणं चालूच होतं — कुठलं पाणी, कुणी भरलं, किती वाजता. भरणाऱ्याचं नाव नसेल तर बाटली परत पाठवतात, म्हणाला.

मी दाखल्याचा विषय काढला. "त्याचं काय, मामा," — मामा म्हणाला — "प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तू हुशार आहेस, दुसरीकडे चमकशील. मी म्हटलं, सर, वास येतोय. ते म्हणाले, खिडकीवरून दाखला घे."

"मग?"

"घेतला. वाचला. आयुष्यात एवढी स्तुती कुणी केली नव्हती. खिडकीतल्या गृहस्थांना विचारलं, यात गॅसचं काहीच कसं नाही? ते म्हणाले, यात ते येत नाही. पोच द्या."

ते मीच म्हणालो होतो. म्हणणारच. अजूनही म्हणतो.

"कोण होते ते?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

त्याने चिठ्ठी चिकटवली, अंगठ्याने दाबली. "चेहरा कुठे दिसतो त्या खिडकीतून," म्हणाला. मग विचारलं, चहा घेणार का. घेतला. 

१६ जून
ताईला सगळं सांगितलं. गॅस, तीन पत्रं, चक्कर आलेली मुलगी. मुलगा सोन्यासारखा आहे म्हटलं, चूक माझी, घाई केली.

ती बराच वेळ ऐकत होती. "म्हणजे खरं बोलला म्हणून हाकलला. आणि वर हे लिहून दिलं?"
"हो."
"कुणी लिहिलं?"
"ऑफिसने."
"बरंय. तुमचं ऑफिस लिहायला-वाचायलाही शिकलं."

पण हसली. आत जाऊन लेकीला हाक मारली. बऱ्याच दिवसांनी भांडी नुसती भांड्यांसारखी वाजली.

विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मनाला समजावत घरी आलो. विचारलं होतं तिने.

१८ जून
चार वाजता खिडकी बंद केल्यावर एक गोष्ट करून पाहिली. त्याच्यासाठी नवा दाखला. कोरा कागद लावला. बोटांनी आपोआप सुरुवात केली — 'धिस इज टु सर्टिफाय दॅट'. पुढे? की याने आम्हाला तीनदा सावध केलं आणि आम्ही तीनदा दप्तरी दाखल केलं? त्या सुरुवातीला हा शेवट बसेना. सुरुवात खोडली, 'मी' असं लिहिलं. तिथून तर एक शब्द पुढे सरकेना. वीस मिनिटं. मी, अठ्ठावीस वर्षांत एक दाखला उशिरा न दिलेला माणूस.

फाडला. नाही तरी जावक क्रमांक मिळाला नसता.

१९ जून
नोंदणी पद्धतीने लग्न, सत्तावीस तारखेला; महिन्याची नोटीस त्यांनी आधीच देऊन ठेवली होती. साक्षीदार तीन लागतात. ताईने परस्पर पहिलं नाव माझं घातलंय. "सह्यांची तुला सवय आहे."

२४ जून
संध्याकाळी भाची आली. बसली नाही. "मामा, तू यायचंच. फोटोत, जेवायला, सगळीकडे. सही फक्त दुसऱ्या कुणाची तरी घेतो आम्ही."

मी 'बरं' म्हणालो.

दारात चपला घालताना खाली बघतच म्हणाली, "त्याने तुला फाटकातच ओळखलं होतं, आवाजावरून. तू सांगतोस का, याची वाट बघत होता."